चारपैकी तिघांचं निदान ‘चुकलं’, पण चूक मोजली कशावर?

माझ्या मावशीला गेली नऊ वर्षं अंगदुखी आहे. तिच्या फाईलमध्ये या नऊ वर्षांतली निदानं एकाखाली एक लावलेली आहेत. आधी मानेचा स्पाँडिलोसिस, मग ड जीवनसत्त्वाची कमतरता, मग ‘पाळी जायच्या वयात असं होतंच’, आणि चार वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जिया. शेवटचं निदान करणाऱ्या डॉक्टरांनी तिला रात्री घ्यायची एक कमी ताकदीची गोळी दिली आणि रोज चालायला लावलं. मावशी पूर्ण बरी झालेली नाही. पण आता स्वयंपाक उरकल्यावर तिला आडवं व्हावं लागत नाही, आणि तिच्या हिशेबाने हा मोठाच फरक आहे.

मागच्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी एक मजकूर टाकला. फायब्रोमायल्जिया असं निदान झालेल्या चारपैकी तिघांना तो आजार नसतोच, अमेरिकेतल्या संशोधनातून सिद्ध, वगैरे. रात्री मावशीचा फोन. “तू हेच शिकतेस ना? मग सांग, मला ते नाहीच का गं?” बोलता बोलता कळलं की गोळी तिने तीन दिवसांपासून बंद केली आहे.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. मावशीला काय आहे हे मी सांगू शकत नाही. पण तो मजकूर ज्या शोधनिबंधावरून आला, तो निबंध काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, एवढं सांगणं मला जमायला हवं. पेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ‘चुकीच्या निदानाचं प्रमाण’ या धर्तीचे विषय मला कळवले आहेत. म्हणून आज एक नाही, दोन निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचू.

आधी निकष

फायब्रोमायल्जियात महिनोन्महिने सगळं अंग दुखतं, थकवा जात नाही, झोप होऊनही झोप झाली असं वाटत नाही. रक्ताच्या तपासणीत, एक्स-रेमध्ये, एमआरआयमध्ये तो दिसत नाही. तपासण्या करतात त्या दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होतं ते रुग्णाच्या सांगण्यावरून आणि डॉक्टरांच्या अंदाजावरून. हा अंदाज सगळीकडे एकसारखा असावा म्हणून निकष बनवले गेले.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचे २०१० चे निकष असे आहेत. शरीराच्या १९ जागांची एक यादी. गेल्या आठवड्यात त्यातल्या किती जागा दुखल्या, ते मोजायचं. हा आकडा ० ते १९. मग थकवा, उठल्यावर ताजंतवानं न वाटणं, लक्ष आणि स्मरण यांचा गोंधळ, आणि इतर शारीरिक तक्रारी यांना गुण द्यायचे. हा आकडा ० ते १२. जागा ७ किंवा जास्त आणि लक्षणांचे गुण ५ किंवा जास्त असतील, तर निकष पूर्ण. जागा ३ ते ६ असतील, तर लक्षणांचे गुण किमान ९ हवेत. शिवाय त्रास साधारण याच पातळीवर निदान तीन महिने असायला हवा.

आता दोन बायका डोळ्यांसमोर आणा. एकीच्या ७ जागा दुखतात, लक्षणांचे गुण ५. दुसरीच्या ६ जागा दुखतात, गुण ६. दोघींची बेरीज १२. पहिली निकषात बसते, दुसरी बसत नाही. पुढच्या आठवड्यात दुसरीची डावी मांडी दुखायला लागली की तीही बसते. दुखणं कमी-जास्त होणारी गोष्ट आहे. निकष त्यावर एका ठिकाणी रेघ मारतात. रेघ कुठेतरी मारावीच लागते, त्यात गैर काही नाही. मात्र ती माणसाने मारलेली आहे हे लक्षात ठेवायचं, कारण पुढचे दोन्ही निबंध या रेघेवरच उभे आहेत.

निबंध पहिला: अमेरिकेचं घरोघरी सर्वेक्षण

मावशीच्या ग्रुपवर आलेला आकडा २०१६ साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या निबंधातला आहे. लेखक ब्रायन वॉलिट, फ्रेडरिक वुल्फ आणि त्यांचे सहकारी. त्यांनी २०१२ च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य मुलाखत सर्वेक्षणाची माहिती घेतली. ज्यांनी ‘मला फायब्रोमायल्जिया असल्याचं निदान झालं आहे’ असं सांगितलं, त्यांच्यापैकी ७३.५ टक्के लोक निकषांत बसत नव्हते. हेच ते ‘चारपैकी तीन’.

आधी या निबंधाचं चांगलं काय ते सांगते, कारण टीका म्हणजे नुसत्या चुका काढणं नव्हे. पहिलं, ही माणसं दवाखान्यात आलेली नव्हती, घरोघरी भेटलेली होती. दुखण्याच्या संशोधनात हे फार महत्त्वाचं आहे, कारण दवाखान्यात कोण पोचतं हे दुखण्याइतकंच पैसा, वेळ, घरची परवानगी यांवरही ठरतं. दुसरं, निबंधाचं शीर्षक जपून लिहिलेलं आहे. ‘निदान सांगणारे तीन चतुर्थांश लोक निकष पूर्ण करत नाहीत’ असा त्याचा आशय आहे. त्यात ‘चुकीचं निदान’ हे शब्द नाहीत. ते शब्द नंतर बातम्यांनी आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनी घातले. तिसरं, हे लेबल कुणाला चिकटतं हे त्यांनी तपासलं, आणि लक्षणांपेक्षा बाई असणं, गोरं असणं अशा गोष्टींचा वाटा त्यात मोठा दिसला. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वुल्फ यांनीच सहकाऱ्यांसोबत २०१८ मध्ये दाखवलं की लोकांमधून सरसकट निवड करून निकष लावले, तर फायब्रोमायल्जियात बायकांचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंतच राहतं. दवाखान्यातून निवडलेल्या अभ्यासांत तेच प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे ‘हा बायकांचा आजार’ ही समजूत काही अंशी तरी लेबल लावणाऱ्यांनी घडवलेली आहे.

आता अडचणी.

एक. त्या सर्वेक्षणात फायब्रोमायल्जियाचे निकष विचारलेलेच नव्हते. लेखकांनी उपलब्ध असलेल्या दुखण्याच्या आणि लक्षणांच्या प्रश्नांमधून एक पर्यायी मोजपट्टी तयार केली. हे त्यांनी लपवलेलं नाही. पण निबंधातून बातमीत आणि बातमीतून ग्रुपवर येईपर्यंत ‘निकषांची पर्यायी मोजपट्टी’ याचं ‘निकष’ झालं, आणि ‘निकष’ याचं ‘आजार’.

दोन. निदानसुद्धा डॉक्टरांच्या कागदावरून घेतलेलं नाही, माणसाने तोंडी सांगितलेलं आहे. डॉक्टर म्हणाले असतील, “फायब्रोमायल्जियासारखं वाटतंय, बघू.” घरी येईपर्यंत त्याचं ‘मला फायब्रोमायल्जिया आहे’ झालेलं असू शकतं. तेव्हा चूक डॉक्टरांची, की ऐकण्याची, की सांगण्याची? या माहितीवरून कळायला मार्ग नाही.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. निदान भूतकाळातलं आहे, निकष आत्ताचे. मावशीचंच घ्या. चार वर्षांपूर्वी तिच्या कदाचित १२ जागा दुखत असतील. गोळी आणि चालणं यांनी आज ५ दुखत असतील. सर्वेक्षणवाली बाई आज दारात आली तर मावशी ‘निदान आहे पण निकषात बसत नाही’ या रकान्यात जाईल. उपचार लागू पडले म्हणून निदान चुकीचं ठरलं! हा नुसता तर्क नाही. २०१० चे निकष बनवताना झालेल्या अभ्यासातच, आधी फायब्रोमायल्जियाचं निदान झालेल्या रुग्णांपैकी सुमारे २५ टक्के रुग्ण त्या वेळी जुने निकष पूर्ण करत नव्हते. यामुळे ७३.५ हा सगळा आकडा उडून जातो असं नाही. इतका मोठा फरक केवळ बरं वाटल्याने पडला असेल, असं मलाही वाटत नाही. पण त्यात किती भाग चुकीच्या निदानाचा आणि किती सुधारणेचा, हे एकाच वेळी केलेल्या सर्वेक्षणातून वेगळं काढता येत नाही. लेबल लक्षणांपेक्षा सामाजिक गोष्टींवर ठरतं, असा निष्कर्ष लेखक बऱ्याच ठामपणे मांडतात. एवढा ठामपणा ही माहिती पेलत नाही.

आता एक छोटा हिशेब, वहीत करून बघा. याच सर्वेक्षणात निदान सांगणारे आणि निकषांत बसणारे, दोन्हींचं प्रमाण जवळपास सारखं आहे, सुमारे पावणेदोन टक्के. म्हणजे हजार माणसांत साधारण १८ जणांना डॉक्टरांनी सांगितलंय आणि साधारण १८ जण निकषांत बसतात. वरवर बघितलं तर डॉक्टर आणि निकष यांचं छान जमतंय. पण निदान झालेल्या १८ पैकी निकषांत बसणारे फक्त ५. मग निकषांत बसणाऱ्या १८ पैकी उरलेले १३ कोण? ज्यांना कुणी कधी काही सांगितलंच नाही, ते. एका बाजूला १३ जणांवर लेबल आहे पण निकष नाही, दुसऱ्या बाजूला १३ जणांकडे निकष आहेत पण लेबल नाही. ग्रुपवर फक्त पहिल्या तेरांची बातमी आली. दुसऱ्या तेरांबद्दल कुणी काही फॉरवर्ड केलं नाही. एकूण प्रमाण जुळलं म्हणजे माणसं जुळली असं होत नाही, हे यातून घ्या. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येऊ शकतो.

निबंध दुसरा: एकच तक्ता, पाच बातम्या

पहिल्या निबंधाच्या दोन अडचणी, म्हणजे पर्यायी मोजपट्टी आणि तोंडी निदान, दुसऱ्या निबंधात नाहीत. हा २०१९ मध्ये ‘आर्थ्रायटिस केअर अँड रिसर्च’मध्ये आला. लेखकांत पुन्हा फ्रेडरिक वुल्फ. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संधिवात विभागात आलेल्या ४९७ रुग्णांनी निकषांची प्रश्नावली स्वतः भरली. डॉक्टरांनी आपलं निदान नेहमीसारखं नोंदवलं. मग दोन्ही ताडून पाहिलं.

निकषांत बसले १२१. डॉक्टरांनी निदान केलं १०४ जणांचं. दोन्हींत असलेले ६१. फक्त निकषांत बसणारे ६०. फक्त डॉक्टरांच्या निदानात असलेले ४३. कशातच नसलेले ३३३. एवढाच तक्ता. आता याच चार आकड्यांतून काय काय बातम्या काढता येतात पाहा.

पहिली: डॉक्टरांनी जवळपास निम्मे रुग्ण ओळखलेच नाहीत. (१२१ पैकी ६०, म्हणजे ४९.६ टक्के.)

दुसरी: डॉक्टरांनी आजार नसलेल्यांपैकी फक्त ११ टक्क्यांना चुकीचं लेबल लावलं. (३७६ पैकी ४३.)

तिसरी: डॉक्टरांनी लावलेली ४१ टक्के लेबलं चुकीची. (१०४ पैकी ४३.)

चौथी: डॉक्टर आणि निकष यांचं ७९ टक्के वेळा एकमत. (६१ आणि ३३३ मिळून ३९४, भागिले ४९७.)

पाचवी: एकमत जेमतेम मध्यम, काप्पा ०.४१. दोघांनी एकमेकांकडे न बघता याच प्रमाणात ‘हो-नाही’ म्हटलं असतं, तरी ६५ टक्के एकमत आपोआप झालंच असतं. तो फुकटचा भाग वजा केला की उरतं ते काप्पा.

पाचही वाक्यं खरी आहेत. दुसरी आणि तिसरी तर त्याच ४३ माणसांबद्दल आहेत, फक्त भागाकारात खाली काय घेतलं ते बदललं. म्हणून कुठल्याही निबंधात ‘चुकीच्या निदानाचं प्रमाण’ वाचलं की आधी छेद शोधायचा. किती पैकी? कुणापैकी?

पण या निबंधावर माझा खरा आक्षेप आकड्यांवर नाही. ‘ओळखले नाहीत’ आणि ‘चुकीचं लेबल’ हे शब्द मी वर सहज वापरले, तुम्हीही सहज वाचलेत. हे शब्द केव्हा बरोबर ठरतात? निकष म्हणजेच सत्य, असं आपण आधीच धरलं असेल तेव्हा. आता तक्ता फिरवून बघा. डॉक्टरांना सत्य माना. मग निकषांनी १०४ पैकी ४३ रुग्ण गमावले, म्हणजे ४१ टक्के. आणि ३९३ निरोगी लोकांपैकी ६० जणांना, म्हणजे १५ टक्क्यांना, उगाच आत घेतलं. त्याच तक्त्यावरून ‘निकष कुचकामी, डॉक्टर शहाणे’ असा निबंध लिहिता आला असता. तक्ता स्वतःहून कुणाची बाजू घेत नाही. दोघांपैकी चुकतंय कोण हे सांगायला तिसरा कुणीतरी लागतो, आणि या आराखड्यात तिसरा नाही.

मोजपट्टी आली कुठून?

“अगं, पण निकष तर शास्त्रीय पद्धतीने बनवलेले असतात ना?” असतात. ती पद्धत पाहू.

पहिले मोठे निकष १९९० चे. त्यात अंगावरच्या १८ ठरावीक बिंदूंवर साधारण ४ किलोचा दाब द्यायचा आणि त्यातले ११ बिंदू दुखले पाहिजेत, अशी अट होती. ते बनवताना १६ केंद्रांतले २९३ फायब्रोमायल्जियाचे रुग्ण आणि दुसरी दुखणी असलेले २६५ रुग्ण घेतले. निकषांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आजार असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण, ८८.४ टक्के निघालं. स्पेसिफिसिटी, म्हणजे नसलेल्यांना बाहेर ठेवण्याचं प्रमाण, ८१.१ टक्के. आकडे उत्तमच आहेत. पण त्या २९३ जणांना फायब्रोमायल्जिया आहे हे कुणी ठरवलं होतं? त्या केंद्रांतल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी, आपापल्या नेहमीच्या पद्धतीने.

मग २०१० चे नवे निकष आले, दाबून बघणं गेलं, प्रश्नावली आली. ते बरोबर आहेत हे कशावरून? १९९० च्या निकषांनी ठरवलेले ८८.१ टक्के रुग्ण त्यांनी बरोबर ओळखले, यावरून.

साखळी लक्षात आली? २०१९ मध्ये डॉक्टरांची परीक्षा २०१० च्या निकषांनी घेतली. २०१० च्या निकषांची परीक्षा १९९० च्या निकषांनी. आणि १९९० च्या निकषांची परीक्षा डॉक्टरांनी. गुरुजींनी लिहिलेल्या उत्तरपत्रिकेवरून गाईड छापलं, आणि पुढे त्या गाईडवरून गुरुजींचेच पेपर तपासले, तसं काहीसं हे झालं. १९९०, २०१० आणि २०१६ या तिन्ही वेळच्या निकषांमध्ये पहिलं नाव फ्रेडरिक वुल्फ यांचंच आहे. याच वुल्फ यांनी नंतर आपल्या १९९० च्या कामाबद्दल उघडपणे शंका मांडली. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या निबंधावर प्रश्न विचारणारा संशोधक मला भरवशाचा वाटतो. म्हणून ही साखळी मी कुणाची लबाडी मानत नाही. ज्या आजाराला बाहेरचा पुरावा नाही, तिथे सुरुवात कुणाच्या तरी अनुभवापासूनच करावी लागते. मात्र अशा साखळीच्या शेवटी जे मोजलं जातं ते ‘मतभेद’ असतं. त्याला ‘चूक’ म्हणायचं असेल तर आणखी काहीतरी हातात असावं लागतं.

जी चूक इथे दिसतच नाही

हे ‘आणखी काहीतरी’ काय असू शकतं, ते एका शेजारच्या विषयातून पाहू. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये ‘हिस्टेरिया’ असं निदान झालेल्या ८५ रुग्णांचं पुढे काय झालं, हे एलियट स्लेटर यांनी काही वर्षांनी जाऊन पाहिलं आणि १९६५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. अनेकांमध्ये नंतर मेंदूचे वा मज्जासंस्थेचे खरेखुरे आजार निघाले होते. इथे तिसरा साक्षीदार आहे, तो म्हणजे काळ. ‘मनाचं आहे’ म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला पुढे गाठ निघाली, तर ती चूक होती याबद्दल वाद उरत नाही.

२००५ मध्ये जॉन स्टोन आणि सहकाऱ्यांनी अशा २७ अभ्यासांचा आढावा घेतला, एकूण १,४६६ रुग्ण. चुकीच्या निदानाचं प्रमाण १९५० च्या दशकात २९ टक्के, १९६० च्या दशकात १७ टक्के आणि १९७० पासून पुढे ४ टक्के. आपण पटकन म्हणू, सीटी स्कॅन आला, डॉक्टर सुधारले. लेखक तसं म्हणत नाहीत. डॉक्टर सुधारण्यापेक्षा अभ्यासांचा दर्जा सुधारल्यामुळे हा आकडा उतरला असावा, असं त्यांचं मत आहे. चुकांचं प्रमाण मोजणाऱ्याच्या पद्धतीवरही हलतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता फायब्रोमायल्जियाकडे परत या. २०१६ च्या सुधारित निकषांत स्पष्ट आहे की दुसरा आजार असला तरी फायब्रोमायल्जियाचं निदान करता येतं. संधिवात असलेली बाई हे निकष आरामात पूर्ण करू शकते. म्हणजे निकष पूर्ण झाले म्हणून दुसरं काही नाही, असं नव्हे. कंबरेतल्या सांध्यांचा दाह करणारा स्पाँडिलायटिस, मंदावलेला थायरॉईड, हे सगळं ‘फायब्रोमायल्जिया’ या पाटीमागे दडून बसू शकतं. रुग्णाचं खरं नुकसान करणारी चूक ही आहे. आणि वरच्या दोन्ही निबंधांच्या आराखड्यात ती दिसूच शकत नाही, कारण दोन्हीकडे प्रश्न एवढाच आहे की फायब्रोमायल्जियाची रेघ ओलांडली की नाही. मागे काय दडलंय हे कुणी बघितलेलं नाही आणि काही वर्षांनी परत कुणी गेलेलं नाही.

आपल्याकडे मोजायचं झालं तर

हे वाचून कुणाला वाटेल, चला, आपल्या तालुक्यात हीच प्रश्नावली घेऊन जाऊ. जरूर जा. आपल्याकडे दुखण्याचं घरोघरी सर्वेक्षण नवीन नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने कॉपकॉर्ड नावाच्या पद्धतीने सुमारे ४,००० प्रौढांना गाठलं होतं. या पद्धतीत माणसाच्या आकृतीवर दुखऱ्या जागा दाखवायच्या असतात. आधी तक्रार, मग तपासणी आणि नाव सगळ्यात शेवटी, असा तिचा क्रम आहे. तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

नुसती प्रश्नावली मराठीत आणली तर काय होतं ते मी मावशीवर करून पाहिलं. “कुठे कुठे दुखतं?” “सगळं अंग.” आता १९ पैकी किती लिहू? १९, की १? मग विचारलं, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? ती म्हणाली, “झोप लागते की छान.” प्रश्न झोप लागण्याचा नव्हताच. “उठल्यावर अंग मोडून आलेलं असतं का?” असं विचारल्यावर उत्तर आलं, “ते तर रोजचंच.” एकाच बाईला, एकाच सकाळी, एका शब्दरचनेत शून्य गुण आणि दुसरीत तीन. त्यात ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, रग वेगळी. आणि त्या १९ जागांच्या यादीत गुडघा, हाताची बोटं, पाऊल या स्वतंत्र जागाच नाहीत. ज्या बाईचा दिवस खुरपण्यात जातो, तिच्या तक्रारीचा मोठा भाग यादीबाहेरच राहणार. अशा मोजणीनंतर ‘ग्रामीण भागात इतके टक्के चुकीची निदानं’ असं लिहिणं म्हणजे भाषांतराची चूक डॉक्टरांच्या नावावर टाकणं.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

ज्यांनी मला असे विषय कळवले, त्यांना चार प्रश्न. उत्तरं आधी स्वतःच्या वहीत लिहा, मग गाईडकडे जा.

१. चूक कशाच्या तुलनेत? ती मोजपट्टी आधी कशावर तपासली गेली होती? मागे मागे जात साखळीच्या टोकापर्यंत जा.

२. निदान आणि मोजणी यांच्यामध्ये किती काळ गेला? मधल्या काळात उपचार झाले का?

३. छेदात कोण आहे? निदान झालेले, निकषांत बसणारे, की सगळेच? आणि कुठून घेतलेले, दवाखान्यातून की घरातून?

४. ही चूक झाली तर रुग्णाचं काय बिघडतं? लेबल चुकणं आणि मागचा आजार निसटणं या दोन वेगळ्या चुका आहेत, दोन वेगळे आराखडे मागतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘तुलनेला पक्कं काही नाही’ असं आलं, तर विषय सोडू नका. शीर्षक बदला. ‘चुकीच्या निदानाचं प्रमाण’ ऐवजी ‘डॉक्टरांचं निदान आणि निकष यांतील एकमत’ लिहा. शीर्षक जरा फिकं वाटेल, पण व्हायव्हाला समोरच्यांनी “चूक कशावरून?” विचारलं तर तुम्ही गप्प बसणार नाही.

मावशीला मी एवढंच सांगितलं की त्या निबंधात तुझ्याबद्दल काही नाही. बरं वाटायला लागलेली माणसंही त्यात ‘निकषाबाहेर’ धरली गेली असतील. गोळी मनाने बंद करू नकोस, फाईल घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि ‘मला हे आहे का’ यापेक्षा ‘दुसरं काही नाही ना, हे शेवटचं कधी तपासलं होतं’ असं विचार. ती गेली. थायरॉईडची तपासणी चार वर्षांपूर्वीची निघाली, डॉक्टरांनी ती पुन्हा करायला लावली. रिपोर्ट नॉर्मल आला. गोळी परत सुरू आहे, चालणंही. आणि ग्रुपवर आता काही आलं की ती आधी मला विचारते, “किती पैकी गं?”

पुढच्या लेखात काप्पा हाताने कसा काढायचा आणि तो कधी फसवतो, ते वरच्याच ४९७ जणांच्या तक्त्यावर करू. तोवर तक्ता वहीत उतरवून ठेवा.